बाबासाहेबांचा सातबारा कुणाच्या नावावर?

एप्रिल उजाडला की सोलापुरात निळ्या रंगाला भाव येतो. बुधवार पेठेत, मिलिंदनगरात, पार्क चौकात, जिथं नजर टाकाल तिथं बाबासाहेब. प्लास्टरचे अर्धपुतळे, छातीवरचे बिल्ले, कॅलेंडरं, वॉलपीसमध्ये विणलेला चेहरा, रिक्षाच्या काचेवर चिकटवलेला चष्मा नि कोट. पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर तर बाबासाहेब वरच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि खाली पुढाऱ्याचं थोबाड बैलगाडीएवढं. विकणारे विकतात, घेणारे घेतात, मिरवणारे मिरवतात.

आता आपल्यातल्याच काही शिकल्यासवरल्या दोस्तांनी नवं टुमणं लावलंय. ते म्हणतात, कायदा पाहिजे. बाबासाहेबांचं नाव, फोटो, आवाज कुणीही उठावं नि वापरावं हे बंद झालं पाहिजे. परवानगी घ्या, नाहीतर आत जा. त्यांचा राग खोटा नाही. परवा मोबाइलवर एकानं दाखवलं, कॉम्प्युटरनं बनवलेले बाबासाहेब बोलत होते, आणि जन्मात बोलले नसते ते बोलत होते. टाळकं सटकतं. ज्यांनी हयातभर त्यांच्यावर थुंकलं त्यांचे नातू आज त्यांच्याच फोटोला हार घालून मतं मागतात, तेव्हाही सटकतं. पण राग खरा असला म्हणून औषध खरं असेल असं नाही. परवानगी घ्यायची ती कुणाची, हे एकदा विचारा. तिथंच सगळं प्रकरण उसवायला लागतं.

आधी कोर्टात काय चाललंय ते बघू. जिवंत नटांनी आपला चेहरा, आवाज, लकबा यांच्यावर मालकी सांगायला सुरुवात केलीय नि कोर्टं ती मान्य करतायत. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूरचं नाव, आवाज आणि त्याच्या तोंडचं ‘झकास’ धंद्यासाठी वापरायला मनाई केली. २०२४ साली जॅकी श्रॉफच्या बाजूनं तसाच हुकूम झाला, त्यात ‘भिडू’ होता. च्यायला! झकास आणि भिडू. आमच्या गल्लीत, चाळीत, गोट्या खेळताना जन्माला आलेले शब्द. ते पडद्यावर नेले कुणी आणि कोर्टात कुणाच्या नावाला चिकटले! उद्या कुणी ‘काय बे’वर दावा ठोकला तर सोलापूरची बोलतीच बंद. गल्लीत बोलायला बंदी नाही, बंदी धंद्याला आहे, हे मला समजतं. पण शब्द ज्या रस्त्यानं जातायत तो रस्ता कुठं निघतो तेवढं ध्यानात ठेवा.

मेलेल्या माणसाचं मात्र निराळं. जयललितांवरच्या सिनेमाविरुद्ध त्यांची भाची मद्रास उच्च न्यायालयात गेली. २०२१ साली कोर्टानं सांगितलं की माणसाचा खाजगीपणाचा हक्क, त्याची कीर्ती, ही वारसाला मिळणारी जंगम मालमत्ता नव्हे. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांना २०२३ साली दिल्लीच्या कोर्टानं तेच ऐकवलं. हक्क त्याचे होते, ते त्याच्याबरोबर गेले. म्हणजे आजमितीला आपल्याकडं मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा सातबारा निघत नाही. आपल्या मित्रांना तो काढून पाहिजे.

तो निघाला की काय होतं हे बघायला अमेरिकेत जाऊ. काळ्या वाघांकडून आपण नाव घेतलं, मग मार्टिन ल्यूथर किंगच्या घरात काय झालं तेही घ्यायला हरकत नाही. किंगचा खून १९६८ साली झाला. पुढं अमेरिकन हेरिटेज प्रॉडक्ट्स नावाच्या कंपनीनं त्याचे प्लास्टिकचे अर्धपुतळे काढले. किंमत एकोणतीस डॉलर पंचाण्णव सेंट. किंगच्या बायकोनं नि किंग सेंटरनं दावा लावला. १९८२ साली जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की माणूस मेला तरी त्याच्या प्रसिद्धीचा हक्क मरत नाही, तो वारसांकडं जातो. अर्धपुतळा! पुन्हा वाचा, मित्रांनो. भांडण आपल्या बुधवार पेठेत विकतात तसल्याच अर्धपुतळ्याचं होतं.

एका भुक्कड कंपनीला चाप बसला, बरं झालं, असंच तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण हक्क एकदा तिजोरीत गेला की तो फक्त भुक्कड कंपनीपुरता राहत नाही. ‘माझं एक स्वप्न आहे’ हे भाषण किंगनं १९६३ साली वॉशिंग्टनच्या रस्त्यावर दोन-अडीच लाख लोकांसमोर केलं. त्या भाषणासाठी वारसांनी वर्तमानपत्रावर दावा लावला, टीव्ही कंपनीवर लावला, आणि १९९९ साली वरच्या कोर्टानं टीव्ही कंपनीविरुद्ध कौल दिला. वॉशिंग्टनमध्ये किंगचं स्मारक उभं राहत होतं, लोकांच्या देणग्यांतून. त्या स्मारकासाठी देणग्या गोळा करताना किंगचेच शब्द नि किंगचाच चेहरा वापरायला वारसांना सुमारे आठ लाख डॉलर मोजावे लागले. २०१४ साली एका काळ्या बाईनं, आव्हा ड्यूव्हर्नेनं, ‘सेल्मा’ हा सिनेमा काढला. त्यात किंग भाषणं करतो, पण एकही भाषण किंगचं नाही. हक्क आधीच दुसऱ्या बड्या सिनेमावाल्याला दिलेले. बिचारीला किंगची भाषणं नव्यानं रचून घ्यावी लागली.

आणि २०१८ साली काय झालं? अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल सामन्याच्या मधोमध एका मालट्रकची जाहिरात लागली. ट्रक चाललाय आणि मागं किंगचा आवाज. रीतसर परवानगीनं. ज्या प्रवचनातला तो आवाज होता त्याच प्रवचनात किंगनं जाहिरातवाल्यांपासून जपून राहा, शेजाऱ्याला दिपवायला ऐपतीबाहेरची मोटार घेऊ नका, असं लोकांना बजावलं होतं. तो भाग जाहिरातीत नव्हता हे सांगायला नको. म्हणजे हिशेब असा झाला. काळ्या दिग्दर्शिकेला किंगचे शब्द मिळाले नाहीत, ट्रकवाल्याला मिळाले. हे वारस दुष्ट होते म्हणून घडलं असं मी म्हणत नाही. मालकी नावाची चीज असतेच अशी. ज्याच्या खिशात दाम त्याला दार उघडं.

आता तोच कायदा उचलून सोलापुरात आणा. पहिली नोटीस कुणाला जाईल? दिल्लीतल्या पक्षाला? त्यांच्याकडं वकिलांची फौज आहे. नोटीस जाईल प्लास्टर कालवणाऱ्या आमच्या पोराला, जो फेब्रुवारीपासून साचे घासत बसतो आणि जयंतीच्या आठवड्यात वर्षाची घरपट्टी काढतो. नोटीस जाईल कॅलेंडरवाल्याला, बिल्लेवाल्याला, मागावर बाबासाहेबांचा चेहरा विणणाऱ्या पद्मशाली विणकराला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर सतरंजी टाकून दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका विकणाऱ्या म्हाताऱ्याला. ह्या लोकांनी बाबासाहेब घराघरांत पोचवले. विद्यापीठांनी नाही, वर्तमानपत्रांनी तर नाहीच नाही. ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’नं पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापली नव्हती, १९२० साली. तेव्हाही आमचा माल आम्हीच डोक्यावर घेऊन विकला.

सोलापूरकरांना नावाची मालकी समजत नाही असं कुणी समजू नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवतात म्हणून विणकर ओरडतात, नि ते बरोबरच ओरडतात. कारण ते नाव त्यांच्या हाताचं आहे, त्यांच्या पाठीच्या कण्याचं आहे. पण मानांकन मिळालं म्हणून यंत्रमाग कामगाराच्या पगारात काय भर पडली ते मालकाला विचारा. संभाजी बिडीचंही तेच. संभाजी महाराजांचं नाव बिडीच्या बंडलावर नको म्हणून आंदोलनं झाली, आणि पुण्याच्या कंपनीनं नाव बदलून २०२१ साली ‘साबळे बिडी’ केलं. ठीक झालं, राजाचं नाव धुरातून सुटलं. पण कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत नि शहराच्या पूर्वभागात हजारो बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, त्यांच्या छातीत तंबाखूची धूळ जाते. ब्रँड कुठलाही असो, त्यांचा नग तोच, हजाराच्या हिशेबातली मजुरी तीच. बंडलावरच्या नावासाठी महाराष्ट्र तापतो, बंडल बांधणारीसाठी तापत नाही.

मग कुणी म्हणेल, वारसांकडं नको, सरकारकडं द्या. तोही कायदा जुनाच आहे. बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला आळा घालणारा, १९५० सालचा. त्याच्या यादीत शिवाजी महाराज आहेत, गांधी आहेत, नेहरू आहेत, इंदिरा गांधी आहेत. त्या ओळीत बाबासाहेब नाहीत. ऐकून पहिल्यांदा मलाही झोंबलं. तिथंही वेशीबाहेर ठेवलं की काय साल्यांनी! पण नीट वाचलं तर कायदा म्हणतो की केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यात वापरू नका. म्हणजे परवानगी दिल्लीची. बाबासाहेबांच्या चेहऱ्याची चावी दिल्लीतल्या बाबूच्या कमरेला. आणि सरकारला स्वतःला कुणाची परवानगी लागते? ३० डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांनी पैसे पाठवायचं ॲप काढलं आणि त्याला नाव दिलं ‘भीम’. भीमराव आंबेडकरांवरून, असं त्यांनीच जाहीर सांगितलं. नोटाबंदीला दोन महिने झाले नव्हते. सोलापुरातल्या बिडीवाल्या बायांना हातात रोकड मिळत नव्हती, यंत्रमाग थंडावले होते, आणि ज्यानं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला त्याचं नाव त्या गोंधळावर चिकटवलं. ग्रंथ किती जणांनी उघडला ते विचारू नका.

नावाची किंमत आम्हाला वकिलानं शिकवायची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला, आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ला. मधली सोळा वर्षं घरं जळाली. पोचिराम कांबळे मारले गेले. गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. त्या नावावर कुणाचा हक्क आहे हे ठरवायचं असेल तर रजिस्ट्रारकडं अर्ज करून ठरत नाही.

इथवर चेहरा नि नाव झालं. आता खऱ्या इस्टेटीकडं येतो. बाबासाहेबांनी मागं काय ठेवलं? शब्द ठेवले. आणि त्या शब्दांचं जे झालंय ते प्लास्टरच्या पुतळ्यापेक्षा शंभरपट गंभीर आहे, पण त्यावर आमचे कायदा-मागणारे मित्र गप्प.

६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेले. मागं माईसाहेब आणि भय्यासाहेब यांच्यात इस्टेटीचा वाद झाला, आणि कागदपत्रं दिल्लीच्या कोर्टाच्या ताब्यात गेली. कागद म्हणजे काय, तर छापायचे राहिलेले ग्रंथ. १९६७ साली २६ अलीपूर रोडचं घर रिकामं करवलं गेलं तेव्हा कागदांच्या पेट्या बाहेर फेकल्या गेल्या नि पावसात भिजल्या, असं नानकचंद रत्तूंनी लिहून ठेवलंय. उरलेल्या पेट्या पुढं महाराष्ट्राच्या महाप्रशासकाच्या कोठडीत येऊन पडल्या. ज्या माणसानं देशाची घटना लिहिली त्याची हस्तलिखितं कुलपात, आणि देश त्याच्या जयंतीला सुट्टी घेतोय. शेवटी नागपूरच्या एका वकिलानं कोर्टात साधी मागणी केली. सरकारनं हे छापावं, नाहीतर मला छापू द्यावं. १९७६ साली सरकारनं समिती नेमली, आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. वारसांनी कागद दिले, वसंत मूनांनी त्यात आयुष्य घातलं. या दोन्ही गोष्टींचं ऋण मानलंच पाहिजे. मून नसते तर आज आपण निम्म्या बाबासाहेबांवरच समाधान मानून बसलो असतो.

पण छापणारा सरकार असला की छापलेल्याचा मालकही सरकार होतो. १९८७ साली चौथा खंड निघाला, ‘रिडल्स’चा. राम नि कृष्णावरचं प्रकरण वाचून ज्यांच्या पोटात दुखलं त्यांनी १९८८च्या जानेवारीत मोर्चे काढले, ग्रंथ जाळला. शंकरराव चव्हाणांच्या सरकारनं ते प्रकरण काढायची तयारी दाखवली. मग ५ फेब्रुवारी १९८८ला मुंबईच्या रस्त्यावर निळा समुद्र उतरला. त्यानंतर हुतात्मा चौक गोमूत्रानं धुणारेही निघाले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. तडजोड अशी झाली की प्रकरण राहील, पण खाली तळटीप येईल की या मतांशी सरकार सहमत नाही. बघा गंमत. जगात कुठल्या प्रकाशकानं असं केलंय? मालक म्हणून छापायचं आणि मालक म्हणून हात झटकायचे. पुढच्या छपाईत खंडांवर कॉपीराइटची ओळ आहे ती सचिव, शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन यांच्या नावाची. बाबासाहेबांच्या शब्दांचा सातबारा पाहिजे होता ना? हा घ्या.

आता थोडं कायद्याचं गणित करू. कंटाळा करू नका, हे गणित आपल्या पोटाचं आहे. लेखक गेल्यावर कॉपीराइट पन्नास वर्षं, असा १९५७चा कायदा होता. रवींद्रनाथांचे हक्क १९९१ अखेर संपत होते, विश्वभारतीच्या हातून ते जाऊ नयेत म्हणून दिल्लीनं कायदाच बदलला नि पन्नासाची साठ वर्षं केली. गांधींचे हक्क नवजीवन ट्रस्टकडं होते. त्यांची मुदत २००८ अखेर संपली तेव्हा ट्रस्टनं वाढवून मागितली नाही. हे दिलदारीचं म्हणायला पाहिजे, गांधींशी आपलं भांडण आहे म्हणून ते लपवायचं कारण नाही. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेली पुस्तकं, म्हणजे ‘जातिभेद निर्मूलन’, ‘रुपयाचा प्रश्न’, ‘शूद्र पूर्वी कोण होते’, ती ३१ डिसेंबर २०१६ला मोकळी झाली. ‘भीम’ ॲप निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी! ती कुणीही छापा, कुणाचा बाप अडवू शकत नाही.

पण जे हयातीत छापलं गेलं नाही त्याचं गणित वेगळं आहे. कलम २४ सांगतं की लेखकाच्या मरणानंतर पहिल्यांदा छापलेल्या ग्रंथाची साठ वर्षं छापल्यापासून मोजायची. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ १९५७ला निघाला, म्हणून तो २०१७ अखेर सुटला. ‘रिडल्स’ १९८७ला निघाला. बोटं मोजा. २०४७. ‘क्रांती आणि प्रतिक्रांती’चं हस्तलिखित तिसऱ्या खंडात १९८७लाच छापलं. तेही २०४७. बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे अनुभव लिहिले, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९०ला छापलं. ते २०५०. म्हणजे जे ग्रंथ सनातन्यांच्या डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपतात, नेमके तेच कुलपात सगळ्यात जास्त काळ. कुणी कट केला असं नाही. उशिरा छापलं, म्हणून उशिरा सुटणार. दिरंगाई सरकारची, शिक्षा वाचकाला.

आम्ही चार पोरांनी एकदा ‘व्हिसा’चा सोपा मराठी अनुवाद काढायचं ठरवलं. सोळा-वीस पानांची पुस्तिका, झोपडपट्टीतल्या अभ्यासिकेत वाटायला. छापखानेवाला आपलाच माणूस, पण म्हणाला, कागद आणा बाबांनो, परवानगीचा कागद. एका कचेरीत अर्ज दिला. तिथून दुसरीकडं पाठवलं. दुसरीकडच्या साहेबाला तो मजकूर बाबासाहेबांचा आहे हेच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. पोच आजही माझ्याकडं आहे, परवानगी नाही. शेवटी पोरांनी हातानं लिहून झेरॉक्स काढल्या. कायद्याच्या भाषेत तो गुन्हा असेल. गुन्हा तर गुन्हा. ज्या मजकुरात गोरेगावच्या वाटेवर तान्हेल्या पोराला पाणी मिळत नाही, तो मजकूर आमच्याच पोरांना मिळू नये?

आणि सरकार तरी छापतंय का? २०२१च्या डिसेंबरात ‘लोकसत्ते’तल्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. बातमी अशी की नऊ लाख प्रतींसाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेऊन ठेवला आणि चार वर्षांत छापल्या तेहतीस हजार. कागद गोदामात, वाचक रांगेत. खंड पाहिजे तर मुंबई-पुण्याचं शासकीय ग्रंथागार गाठा, तिथं जाऊन ‘संपला’ ऐका आणि रात्रीच्या पॅसेंजरनं परत या. ज्याला मालकी पाहिजे त्यानं निदान दुकान तरी उघडं ठेवावं ना! आपल्याच लोकांचाही हिशेब मांडायला पाहिजे. २५ जून २०१६च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं, तेव्हा बाबासाहेबांचा छापखाना त्या ढिगाऱ्याखाली गेला. वाद काय होता? जागा ट्रस्टची की कुणाची. ज्या यंत्रावर चळवळीचे शब्द उमटले ते यंत्र मालकीच्या भांडणात भंगार झालं. दोन्ही बाजूंना जयभीम म्हणणारेच होते.

मग सगळंच मोकाट सोडा असं माझं म्हणणं आहे का? नाही. वापरायला मोकळीक आणि मोडतोडीला मोकळीक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं १९३६ साली बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचून हादरलं, आणि म्हणालं इथं जरा कापा, तिथं जरा बदला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा हलवायला नकार दिला, परिषद गेली खड्ड्यात, आणि भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत खपल्या. हीच त्यांची आपल्या शब्दांबद्दलची भूमिका. विका, वाटा, भाषांतर करा, पण कापू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७मध्ये नेमकी हीच गोष्ट आहे. लेखकाच्या मजकुराची त्याच्या इभ्रतीला धक्का लागेल अशी मोडतोड केली तर दाद मागता येते, वारसांनाही मागता येते, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटची मुदत संपली तरी मागता येते. मग बावीस प्रतिज्ञांतल्या नको त्या गाळून छापणारे, न लिहिलेली वाक्यं त्यांच्या नावावर खपवणारे, ‘रिडल्स’चं प्रकरण गुपचूप उडवून स्वस्त आवृत्ती काढणारे, कॉम्प्युटरवर खोटा आवाज काढणारे, यांच्या मागं वारसांनी नि आपण लागायला पाहिजे. जिथं त्यांचा मजकूर मोडला तिथं कलम ५७, आणि जिथं न बोललेलं त्यांच्या तोंडी घातलं तिथं मूळ खंडाचं पान उघडून चारचौघांत तोंडावर मारायचं. त्यासाठी खंड घरात असावा लागतो, हे आलंच.

आणखी एक गुंता आहे, तो टाळून चालणार नाही. मालकीला शिव्या देताना आपण आपल्याच शाहिरांचं खिसं कापतोय का? वामनदादा कर्डक २००४ला गेले. त्यांच्या गाण्यांवर कॅसेटी निघाल्या, सीड्या निघाल्या, आता मोबाइलवर वाजतात. १४ एप्रिलला सोलापुरात जे डीजे लागतात त्यातली अर्धी धून कुणाच्या तरी घामाची आहे. लिहिणाऱ्याला हातावर एकदाच चार पैसे, आणि कंपनीला जन्मभर. अण्णाभाऊ साठे १९६९ला हलाखीत गेले. त्यांच्या लिखाणाची मुदत २०२९ अखेर संपेल. कायदा २०१२ साली बदलला नि गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी कंपनीला गिळता येणार नाही अशी सोय झाली, पण आमच्या किती गायकांच्या नि कवींच्या घरांनी संस्थेत नाव नोंदवलंय? इथं कॉपीराइट आपलं हत्यार आहे. ज्याचं पोट शब्दावर चाललं, ज्याला जिवंतपणी लुबाडलं, त्याच्या विधवेला, पोराला हक्काचे पैसे मिळालेच पाहिजेत. बाबासाहेबांचा चेहरा एका तिजोरीत घालायला माझा विरोध आहे, आणि वामनदादांच्या गाण्याचा दाम कंपनीकडून वसूल करायला माझा पाठिंबा आहे. यात ज्याला विसंगती दिसते त्यानं मालक कोण नि मजूर कोण एवढं आधी बघावं.

जानेवारी १९२५मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेनं विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते सोलापुरात. मुंबईत नाही, पुण्यात नाही, आपल्या गावात. पोरांनी तिथं राहून शिकावं म्हणून. त्या गावातल्या जयंती मंडळांनी यंदा वर्गणीची पावती फाडताना एक ठराव करावा असं माझं सांगणं आहे. डीजेचा एक दिवस कमी करा. त्या पैशातून ‘जातिभेद निर्मूलन’ आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ छापा, दोन्ही मोकळी आहेत. नवा अनुवाद आपल्या पोरांकडून करून घ्या, कारण जुन्या अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो, तो त्याला विचारल्याशिवाय उचलायचा नाही. दुसरा ठराव सरकारला आणि बाबासाहेबांच्या कुटुंबाला जाहीर विनंतीचा. ‘रिडल्स’, ‘क्रांती आणि प्रतिक्रांती’, ‘व्हिसा’ आणि मरणोत्तर छापलेलं बाकी सगळं, कुणालाही, कुठल्याही भाषेत, एक अक्षर न कापता छापायची मोकळीक आजच जाहीर करा. २०४७ची वाट बघायला लावू नका. ठरावाची एक प्रत समाजकल्याण खात्याला, एक शिक्षण सचिवांना, एक राजगृहावर. पोच घ्या. आमच्यासारखी नुसती पोच घेऊन गप्प बसू नका, महिन्यानं पुन्हा जा.